क्वाइम २ (बॅक्टेरियाचा डीएनए डेटा तपासायचं सॉफ्टवेअर) जमंना, शुगर पेशंटच्या आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या डेटासाठी दुसरं सोपं टूल हाय का?

रंकाळ्याचा_मायक्रोब:
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं एमएस्सी मायक्रो करतोय. ४० शुगरवाले, ४० धडधाकट, स्टूल सॅम्पल, १६एस ह्या बॅक्टेरिया ओळखायच्या जीनचा व्ही३-व्ही४ भाग, २×२५० रीड (दोन्ही टोकांनी २५०-२५० बेस वाचलेले). लॅपटॉप ८ जीबी, विंडोज. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स) टाकून क्वाइम २ कसंतरी चालवलं पण त्यातल्या डाडा२ (रीडमधल्या चुका काढणारं टूल) मध्ये फॉरवर्ड-रिव्हर्स जोडतानाच सगळं उडालं, ५ टक्के पण रीड उरेनात. मग नुसते फॉरवर्ड घेऊन लेफ्से (दोन गटांतला फरक शोधणारं टूल) चालवलं तर वेगळे असे २३ जीनस (प्रजाती) आले, आता सर म्हणतात यातला शुगर करणारा बॅक्टेरिया कोणता ते सांग. काय सांगू?

पाइपलाइन_पाटील:
भावा पहिलं म्हणजे त्याला चाइम म्हणतात, व्हायवाला हसतील. टूल बदलून काय उपयोग नाही, तुझं गणित चुकलंय. तो तुकडा प्रायमर धरून साधारण ४६० बेसचा, आणि डाडा२ला जोडायला किमान १२ बेस एकमेकांवर यायला लागतात. शेपटाकडची क्वालिटी बघून २२० आणि २०० वर कापलं असशील तर झाले ४२०, जुळणार काय कपाळ? दोन्ही मिळून ४८०-४९० ठेव, नाहीतर फॉरवर्डवरच काम कर, लई जण करतात. सिल्वा डेटाबेसचा क्लासिफायर (रीडला बॅक्टेरियाचं नाव देणारा) स्वतः ट्रेन करत बसू नको, तयार मिळतो, फक्त तुझ्या क्वाइमच्या व्हर्जनचाच घे. लॅपटॉप गुदमरला तर गॅलेक्सी म्हणून ऑनलाइन सर्व्हर फुकट हाय, ब्राउझरमधनंच चालतंय. पेशंटची नावं काढून मग अपलोड कर हं.

आकडेमोड_ताई:
पाटलांचं बरोबर, पण खरा घोळ पुढं आहे. हा डेटा टक्केवारीचा असतो. मिसळीत तर्री वाढवली की फरसाणाचा टक्का घसरतो, फरसाण तेवढंच असतं. आणि २०० जीनस तपासलेस तर पी व्हॅल्यू ०.०५ ला १० एक उगाचच येतात, त्यामुळं क्यू व्हॅल्यू (इतक्या चाचण्या धरून सुधारलेली पी व्हॅल्यू) बघ. मासलिन किंवा अँकॉम-बीसी लाव, आर ह्या स्टॅट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत दोन्ही, त्यात वय, बीएमआय, औषध सगळं मॉडेलमध्ये घालता येतं, लेफ्सेत तसं जमत नाही.
आता सांग, तुझे ४० पेशंट मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) घेतात का? २०१५ साली नेचरमध्ये पेपर आला होता, टाइप २ डायबेटिसची म्हणून जी खूण सांगितली जायची त्यातली बरीचशी मेटफॉर्मिनचीच निघाली. गोळीनं ई. कोलायचा गट वाढतो, इंटेस्टिनिबॅक्टर घटतो. तुझ्या २३ मध्ये हे दोघं आहेत का बघ. आणि एकदाच घेतलेल्या सॅम्पलवरनं 'शुगर करणारा' म्हणता येत नाही, 'शुगरवाल्यांत जास्त दिसतो' एवढंच. सरांना हे गोडीत सांग.

रंकाळ्याचा_मायक्रोब:
ताई दोन्ही हायत लिस्टमध्ये, ई. कोलायचा गट तर एक नंबरला 😭 फॉर्म काढून बघितले, 'औषधे' असा रकाना हाय पण निम्म्या लोकांचं नुसतं 'गोळी चालू' लिहिलंय. लिहिणारा मीच. उद्यापासनं फोन लावत बसतो.