दानधर्म म्हणजे धंद्याला लागलेली गळती? एका नोंदीला उत्तर

वाळूजकर

काल या गटावर एका व्यवसाय सल्लागारांची नोंद वाचली. त्यांचा सल्ला असा की, पन्नास-साठ कामगारांच्या कारखानदाराने शाळा, तलाव, आरोग्य शिबिरे असल्या गोष्टींत एक रुपयाही घालू नये. ते काम कायद्याने बांधलेल्या मोठ्या कंपन्यांचे आहे आणि लहान उद्योजकाचा दानधर्म म्हणजे खेळत्या भांडवलाला लागलेली गळती आहे. त्या नोंदीला मिळालेली शाबासकी पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. पाच कोटींचा निव्वळ नफा, एक हजार कोटींची उलाढाल किंवा पाचशे कोटींचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) यांपैकी एक जरी असेल, तरी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. वाळूज, चिकलठाणा किंवा लातूरच्या एमआयडीसीतील बहुतेक शेड, म्हणजे लहान कारखाने, या मर्यादेच्या आसपासही नाहीत. परंतु पाणी, माणसे आणि रस्ता आम्हीही गावाकडूनच घेतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील उद्योगांच्या, विशेषतः मद्यनिर्मिती कारखान्यांच्या, पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला. गाव तहानलेले असताना कारखान्याचा नळ फार काळ चालू राहत नाही, हे त्या वर्षी सगळ्यांना कळायला हवे होते.

माझा प्रेस पार्ट, म्हणजे प्रेस यंत्रावर धातूचे सुटे भाग, बनवण्याचा छोटा कारखाना आहे. काही कामगार रांजणगावात भाड्याच्या खोल्यांत राहतात, तर काही गंगापूरकडच्या खेड्यांतून रोज ये-जा करतात. मार्च लागला की पहिल्या पाळीला दांड्या सुरू होत, कारण टँकर सकाळीच येई आणि घरातल्या एकाला हंडे घेऊन थांबावे लागे. त्याच्या जागी बदली माणूस प्रेसवर बसवला की पार्टच्या कडेला बर (धातूची खरखरीत कड) राही आणि अख्खी क्रेट माल घेणाऱ्या कंपनीच्या गेटवरून परत येई. आम्ही शेजारच्या काही शेडवाल्यांनी मिळून एका गावच्या पाझर तलावातील गाळ काढण्यासाठी पोकलेनचा खर्च उचलला. गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरने शेतात नेला. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावच्या मुलांच्या दांड्या जवळजवळ थांबल्या, आणि समोरच्या शेडमध्ये चार पैसे जास्त मिळत असतानाही ती मुले सोडून गेली नाहीत. हाताशी आलेला ऑपरेटर टिकणे म्हणजे काय, हे ज्याने शेड चालवली आहे त्यालाच विचारावे.

ताळेबंद, लातूर

भावना चांगली आहे. हिशोब मात्र कच्चा आहे. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला असेल, तर दांड्या तलावामुळे थांबल्या की पावसामुळे, हे आपण कसे ठरवले? ज्या गावात गाळ काढला नाही, त्या गावच्या कामगारांची हजेरी आपण शेजारी मांडलेली नाही. करसवलतीच्या आशेने कोणी यात पडणार असेल, तर तेही तपासून घ्यावे. १३५ व्या कलमाखालचा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही. आपण ज्याला ८०जी म्हणतो ती देणगीवरची करसवलत बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवरच मिळते, आणि ज्या कंपनीने आयकराचा बावीस टक्क्यांचा कमी दर स्वीकारला आहे, तिला तीही मिळत नाही. माझ्याकडे येणारे अनेक अशील गणेशोत्सवाची वर्गणी जाहिरात खर्चात दाखवा म्हणून हट्ट धरतात, तेव्हा मला समाजसेवा दिसत नाही.

कंत्राटी कामगार

वाळूजकर साहेब, आपण प्रामाणिक असाल, पण मी दुसरी बाजू पाहिली आहे. मी एका मोठ्या कारखान्यात ठेकेदाराच्या मस्टरवर होतो. पगारपत्रकावर भविष्य निर्वाह निधीची कपात दिसे. खात्यात मात्र अनेक महिने काहीच जमा होत नसे. त्याच काळात गेटवर रक्तदान शिबिराचा मोठा फलक लागला होता आणि पर्यवेक्षक आम्हाला रांगेत उभे करत होते. रक्त दिले की बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र मिळे. ते प्रमाणपत्र घेऊन मी ठेकेदाराकडे निधीचे विचारायला गेलो, तर दुसऱ्या आठवड्यापासून मला कामावर बोलावणे बंद झाले. ज्याला कामगार टिकवायचा आहे, त्याने आधी त्याचे हक्काचे पैसे वेळेवर भरावेत आणि मग तलाव खोदावा.

वाळूजकर

आपल्यावर झालेला अन्याय मी नाकारत नाही, आणि मजुरी बुडवून दान करणाऱ्याचा बचाव मी कधीही करणार नाही. पण एका लबाड ठेकेदारामुळे सगळ्या शेडवाल्यांना एका ओळीत उभे करणे न्यायाचे नाही.

सेलूकर

मजुरीचा विषय निघालाच आहे, तर मोंढ्याचाही, म्हणजे शेतमालाच्या बाजाराचाही, काढू. मराठवाड्यातील व्यापाऱ्यांच्या दानशूरपणाचे गोडवे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत आडत (दलालीच्या) दुकानाच्या जुन्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, आहेत. वर कापसाचे वजन आणि भाव, खाली ओळीने हमाली, तोलाई, आडत, वाराई आणि शेवटी धर्मादाय. त्याआधी वजनातून कडता (घट म्हणून कापलेले वजन) वेगळा. पैसा शेतकऱ्याच्या मालातून कापायचा, तो दुकानदाराच्या वहीत जमा व्हायचा आणि धर्मशाळेच्या दगडावर नाव दुकानदाराचे कोरायचे. माझ्या वडिलांना कोणी विचारले नाही की, तुम्हाला हे दान करायचे आहे काय. व्यवसायाला दानाचा फायदा का होतो, या प्रश्नाचे एक सरळ उत्तर त्या पट्टीवर आहे: दान दुसऱ्याचे आणि पत आपली.

जुना मोंढा, परभणी

सेलूकर, आपण पिढ्यान्पिढ्यांच्या व्यवहारावर एका ओळीत चोरीचा शिक्का मारत आहात. धर्मादायाच्या पैशातून गोशाळा चालल्या, पाणपोया चालल्या, खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांची वसतिगृहे चालली, आणि त्या मुलांत शेतकऱ्यांचीच मुले होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या दुकानातून ज्वारीची पोती आणि घोंगड्या घेऊन ट्रक निघाला, तेव्हा माझ्या वडिलांनी पट्टी पाहिली नव्हती. पोती चढवायला हमालही आले आणि त्यांनी त्या दिवसाची हमाली घेतली नाही. आपण तेव्हा कुठे होता?

सेलूकर

मी तेव्हा शाळेत होतो, आणि शाळेने आमच्याकडूनही धान्य गोळा केले होते. किल्लारीचा ट्रक आपल्या वडिलांच्या खात्यावर मानाने लिहा. माझा त्याला विरोध नाही. माझा विरोध पट्टीवरील ओळीला आहे. बाजार समितीच्या १९६३ च्या कायद्यानंतर मंजूर खर्चाखेरीज दुसरी कपात करायला बंदी आली, तरी वेगळ्या नावाने ती कित्येक वर्षे चालू राहिली. त्या रकमेचा हिशोब एकदा तरी शेतकऱ्यांपुढे वाचला गेला का? वसतिगृहात शेतकऱ्याचा मुलगा राहिला, तर तो स्वतःच्या बापाच्या पैशावर राहिला, आणि आयुष्यभर शेठजींचे उपकार मानत राहिला.

जुना मोंढा, परभणी

आडत दुकानदार पेरणीला उचल देत होता, लग्नाला देत होता, दवाखान्याला देत होता, आणि तीही बँक दारात उभी करत नव्हती त्या काळात. हे सगळे आपण सोयीने विसरता. माणसाने टीका करावी, पण कृतघ्न होऊ नये.

सेलूकर

उचलीवर व्याज होते. कृतज्ञता त्या व्याजात फिटली.

ताळेबंद, लातूर

दोघांनीही आवाज थोडा खाली आणावा. सेलूकरांचा मुद्दा मूळ विषयाच्या बाहेर नाही, उलट अगदी मध्यावर आहे. दानातून पत मिळते हे खरे असेल, तर पैसा कोणाचा होता हे उघड झाल्यावर ती पत उलटतेही. २०२१ नंतर मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामासाठीची न वापरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत भरावी लागते, आणि स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरले जात नाही. मोंढ्यातल्या धर्मादायाला असा कोणताही लगाम नव्हता.

धाराशिवची कार्यकर्ती

आपण सगळे मोंढ्यात अडकला आहात, म्हणून मी वाळूजकर दादांच्या मूळ म्हणण्याकडे येते. कायदा सांगतो की, कंपनीने जिथे ती चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण आमचा जिल्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला तो मागे पडला म्हणूनच, आणि मोठे कारखाने नाहीत म्हणून तो परिसर म्हणूनही कोणाच्या नजरेत येत नाही. ज्यांच्याकडे कारखाने, त्यांच्याकडेच निधी. आमच्यासारख्या ठिकाणी दूध संकलन करणारा, डाळ मिल चालवणारा, ट्रॅक्टर विकणारा माणूसच उरतो. तो म्हणाला की कायदा मला लागू नाही, तर इथे कोणीच नाही.

दुसरे असे की, धनादेश देणे आणि काम करणे यांत फार अंतर आहे. किल्लारीनंतर मदत देऊन, फोटो काढून परतलेले पुष्कळ होते. भारतीय जैन संघटनेने मात्र भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि त्यांची जबाबदारी वर्षानुवर्षे घेतली. लोक त्यांचे नाव आजही घेतात. आमच्या गावातील एका डाळ मिलवाल्यांनी अंगणवाडीला रंग दिला नाही की फलक लावला नाही. त्यांनी मिलचा मिस्त्री महिन्यातून एकदा हातपंप दुरुस्तीला पाठवला. बायका त्या मिस्त्रीला नावाने ओळखतात, आणि तूर कोणाला घालायची हे घरात ठरते तेव्हा त्या बायकाही तिथे बसलेल्या असतात.

जुना मोंढा, परभणी

ताई बरोबर बोलल्या. जालन्यात १९६४ साली बियाण्यांची कंपनी काढणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांनी श्री गणपती नेत्रालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला. तिथे डोळ्यांवर उपचार घेतलेला शेतकरी त्या शहराचे नाव कोणत्या भावनेने घेतो, हे सेलूकरांनी जाऊन ऐकावे.

सेलूकर

नेत्रालयाचे काम मोठे आहे. माझ्या मावशीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन तिथेच झाले, आणि मी त्या कामाविरुद्ध शब्दही काढणार नाही. पण ते उदाहरण माझ्या बाजूचे आहे. तिथे कोणाच्या पट्टीतून कपात करून दवाखान्याचे पैसे वसूल झाल्याचे मी ऐकलेले नाही.

कंत्राटी कामगार

डाळ मिलवाले त्या मिस्त्रीला हातपंपाच्या दिवसाची मजुरी देतात का, हे ताईंनी सांगावे. देत असतील, तर मी माझे म्हणणे तेवढ्यापुरते मागे घेतो.

धाराशिवची कार्यकर्ती

देतात. भरपगारी दिवस धरतात. मी स्वतः त्या मिस्त्रीला विचारले आहे.

वाळूजकर

ताळेबंद साहेब, आपण हजेरीची तुलना मागितली ती रास्त आहे. गाळ काढलेले गाव आणि न काढलेली गावे यांच्या कामगारांचे मस्टर वेगवेगळे करून मी इथे मांडतो. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला होता. आकडा माझ्या विरुद्ध गेला तरी पुढच्या उन्हाळ्यात पोकलेनचा खर्च मी देणारच आहे, कारण हंडा घेऊन थांबलेला माणूस माझ्या शेडचा आहे.

ताळेबंद, लातूर

मांडा. पण शेवटच्या वाक्यात आपणच मान्य केले की हा फायद्याचा प्रश्न नाही. मग सल्लागारांना फायद्याच्या भाषेत उत्तर कशाला दिलेत?

वाळूजकर

कारण ते फायद्याचीच भाषा ऐकतात, आणि त्या भाषेतही त्यांचे म्हणणे चुकलेले आहे.

जुना मोंढा, परभणी

सेलूकर, आमच्या दुकानाच्या धर्मादाय खात्याच्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत. त्यांत काय जमा आणि काय खर्च आहे, हे आपण स्वतः येऊन वाचा. वडिलांच्या पट्ट्या बरोबर आणा.

सेलूकर

येतो. एकटा येणार नाही. ज्यांच्या पट्ट्या आहेत अशी आमच्या गावची आणखी माणसे आणतो, आणि जे सापडेल ते इथे लिहितो.