मदत हवी आहे: सीझनमध्ये म्युझिकल कितवं ठेवू?

मंडळी, आमच्या युनिव्हर्सिटीच्या नाट्यविभागाचा पुढच्या वर्षाचा सीझन ठरवायचाय, तीन नाटकं नि एक म्युझिकल, आणि गाडी म्युझिकलपाशीच अडलीये. नाटक पाच-सहा आठवड्यांत उभं राहतं हो, पण म्युझिकलला आधी गाणी बसवा, मग नाच, मग वादकांसोबत तालमी, आणि स्टेज एकच त्यामुळे सेट लावण्या-काढण्यातच दिवस जातात. काहीजण म्हणतात पहिल्या टर्मलाच उरकून टाका, पण तेव्हा नवीन पोरांचा आवाजसुद्धा आपण ऐकलेला नसतो, काय डोंबल कास्टिंग करणार? शेवटी ठेवलं तर परीक्षा डोक्यावर.

दुसरं म्हणजे हक्क. लायसन्स मिळाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, रॉयल्टी सहसा प्रयोग, सीट्स आणि तिकिटाचा दर बघून ठरते, रेकॉर्डेड ट्रॅक हवा तर त्याचं वेगळं भाडं. म्हणून एक नाटक शेक्सपिअरचं घेऊन पैसे वाचवू म्हणतोय, तो 1616 मध्येच गेला, रॉयल्टी नाही (नवीन भाषांतर घेतलं तर मात्र भाषांतरकाराला विचारावं लागतं, हे आधी विसरलोच होतो).

ज्यांनी असा सीझन लावलाय त्यांनी प्लीज सांगा, म्युझिकल कितवं ठेवलंत? आणि लाइव्ह वादक घेतलेत की ट्रॅकवर भागवलंत?