शाळेसमोरच्या टपरीवर लेकरांना तंबाखूच्या पुड्या मिळतात. कारवाईसाठी ग्रामपंचायतीला निधी कुठून मिळेल?

मदत हवी आहे.

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत. फाटकासमोरच दोन टपऱ्या आहेत. दर्शनी बाजूला वेफर्सच्या माळा, त्यांना लागूनच तंबाखूच्या पुड्यांच्या माळा, खाली बरणीत गोळ्या. पाच रुपये घेऊन आलेल्या लेकराच्या डोळ्यांसमोर सगळं एकाच उंचीवर लटकतं. सहावी-सातवीतली पोरं मधल्या सुट्टीत सर्रास पुडी घेतात, काहींच्या दप्तरात चुन्याची डबीही सापडते. हटकलं की टपरीवाला म्हणतो, "बापानंच धाडलंय त्याला, मी काय करू?" आणि ते दरवेळी खोटं नसतं. संध्याकाळी ओट्यावर बसलेला बाप लेकराच्या हातावर पैसे ठेवून "जा, पुडी आण" म्हणतो, हे आमच्याकडं घरोघर चालतं.

कायदा मी वाचला आहे. 2003 च्या कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रणाच्या केंद्रीय कायद्याच्या कलम 6 प्रमाणे 18 वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरवर, कुणालाच विकता येत नाही. पण दंड जास्तीत जास्त 200 रुपये! ग्रामपंचायतीत विचारलं तर "ताई, याला आपल्याकडं हेडच नाही," म्हणजे अंदाजपत्रकात या खर्चाचा रकानाच नाही. पोलीस ठाणं लांब, तिथं माणसं कमी.

कॅलिफोर्नियात 2016 मध्ये मतदारांनी कौल देऊन सिगारेटच्या पाकिटावर 2 डॉलर जादा कर लावला आणि त्यातले वर्षाला 3 कोटी डॉलर अल्पवयीनांना होणारी विक्री रोखायला स्थानिक यंत्रणांना देण्याची तरतूद केली, असं वाचलं. तिथले पोलीस आणि शाळा अर्ज करतात, त्या पैशातून दुकानांची तपासणी होते. आपल्याकडं असं कोणतं अनुदान आहे का? अर्ज कुणाकडं करायचा?

गोदाकाठ:
ताई, मी आरोग्य खात्यात काम केलं आहे. गावानं अर्ज करावा आणि कारवाईसाठी पैसे खात्यात यावेत, अशी योजना माझ्या पाहण्यात नाही. पैसा आहे, पण तो जिल्ह्याला येतो. 2007-08 पासून राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. त्याचा जिल्हा कक्ष आरोग्य खात्याकडं असतो, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. शाळांमधले कार्यक्रम, प्रशिक्षण, जनजागृती याचा खर्च तिथून निघतो. म्हणून पैसे मागू नका, काम मागा: "आमच्या शाळेचा कार्यक्रमात समावेश करा, पोलिसांना घेऊन पथक पाठवा." प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, जिल्हा समन्वय समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली असते. अर्जात हाही आकडा घाला: 2019 च्या देशव्यापी पाहणीत 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के तंबाखू वापरत होते.

आणि बऱ्याच गोष्टींना पैसे लागतच नाहीत. "18 वर्षांखालील व्यक्तीस विक्री हा दंडनीय गुन्हा आहे" हा 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक विक्रेत्यानंच लावायचा असतो. गिऱ्हाईक सज्ञान आहे याची खात्री करणं हीही त्याचीच जबाबदारी. लेकरांच्या सहज हाती लागेल असा माल टांगायलाही बंदी आहे. तुमच्या टपऱ्यांच्या त्या माळांचे फोटो काढून ठेवा, मात्र फोटोत लेकरांचे चेहरे येऊ देऊ नका. राहिला रंगाचा डबा. शाळेच्या हद्दीपासून 100 यार्डांवर पिवळी रेषा मारायची, तो खर्च ग्रामनिधीतून किंवा वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाचं बंधन नसलेल्या) निधीतून गावाच्या आराखड्यात धरायला सांगा. हेड नाही म्हणून विषय बंद होत नाही.

वकीलसाहेब_नांदेड:
200 रुपयांवर अडकू नका. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 77 बघा. वैद्यकीय कारण नसताना बालकाला तंबाखूजन्य पदार्थ दिला, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तक्रारीत कोटपासोबत हेही कलम लिहा, म्हणजे पावती फाडून प्रकरण मिटत नाही. "बापानं धाडलं" हा बचाव कोटपाच्या नियमांपुढं टिकणारा नाही, कारण माल लेकराच्या हातातच पडतो. टपरीवर गुटखा असेल तर अन्न व औषध प्रशासनाला वेगळी तक्रार द्या, राज्यात त्यावर 2012 पासून बंदी आहे.

एक मात्र कळकळीनं सांगतो. पुरावा मिळावा म्हणून कुणाच्या लेकराला पैसे देऊन टपरीवर पाठवू नका. अमेरिकेत असं करतात, पण पोलिसांच्या देखरेखीखाली. आपण गावात केलं तर पोर अडचणीत येईल आणि टपरीवाल्याशी कायमचं वैर होईल ते वेगळंच.

मूळ धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. फलक त्यानंच लावायचा असतो, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. समितीच्या बैठकीत तक्रार आणि कक्षाला द्यायचा अर्ज दोन्ही मंजूर करून घेते आणि पिवळ्या रेषेचा विषय ग्रामसभेत मांडते. बापांशी बोलायचं काम आशाताई आणि बचत गटाच्या बायका करतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे.

आता एवढंच हवं आहे: अशा विषयावर ग्रामसभेनं केलेल्या ठरावाचा नमुना कुणाकडं आहे का? लातूर, बीड, हिंगोली, कुठल्याही गावाचा चालेल. खर्चाची बाब त्यात कशी लिहिली होती ते बघायचं आहे, म्हणजे "हेड नाही" म्हणणाऱ्यांपुढं कागदच ठेवता येईल.