पहाटे तीनची जाग आणि मेलाटोनिनची गोळी

मेहरूणकाठ (जळगाव): वय वाढतं तसं मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून रात्री पाझरणारं, झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक कमी होतं. पहाटे तीनला उठून बसणाऱ्या म्हाताऱ्यांना सरळ मेलाटोनिनच द्यावं. झोपेच्या गोळीने तोल जाऊन खुबा मोडतो, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तापीकाठ (भुसावळ): खुब्याचं पटलं, बाकीचं नाही. धडधाकट वृद्धांपैकी कित्येकांचं मेलाटोनिन तरुणांइतकंच भरतं. बदलते ती वेळ. मेंदूतलं घड्याळ अलीकडे सरकतं, मेलाटोनिन लवकर चढतं, पहाटे जाग आणणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही लवकर. माणूस साडेसातला बाजेवर पेंगतो आणि तीनला टक्क जागा. अहो, सात तास झाले की त्याचे! त्याला संध्याकाळी गोळी दिली तर घड्याळ आणखी अलीकडे येईल. बारा वाजले तरी डोळा लागत नाही, गोळी त्याच्यासाठी.

मेहरूणकाठ: मग तीनवाल्याने काय करावं? सकाळचं कोवळं ऊन?

तापीकाठ: त्याला तेच नको, त्यानेही घड्याळ अलीकडेच येतं. संध्याकाळी साडेपाच ते सात ओट्यावर, मोकळ्या उजेडात बसावं, म्हणजे ते पुढे सरकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, मग म्हातारी माणसं खिडक्या लावून दिवसभर अंधाऱ्या खोलीत. घरात उजेड जेमतेम 100-200 लक्स (उजेड मोजायचं माप), बाहेर सावलीतही हजारो. शिवाय वयाने पिवळं पडलेलं डोळ्याचं भिंग निळा प्रकाश अडवतं, आणि घड्याळाला नेमका तोच लागतो.

शिरपूरचा केमिस्ट: मात्रेचं कुणीच बोलत नाही. मेडिकलवर 3, 5, 10 मिलीग्रॅम मिळतात. वृद्धांवरच्या 2001 च्या एका प्रयोगात 0.3 मिलीग्रॅमने झोप सुधारली. 3 मिलीग्रॅमने अंगाचं तापमान उतरलं आणि औषध दिवसाही रक्तात राहिलं. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरीन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. बीपीची अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसुद्धा मेलाटोनिन दाबते. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

पांझरा (धुळे): तुम्ही मेलाटोनिनवरच अडलात. तीनची जाग बरेचदा लघवीची असते. लघवी आवरून धरणारं व्हॅसोप्रेसिन रात्री वाढायला हवं, म्हातारपणी ती वाढ मंदावते. पाय सुजत असतील तर दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावं, साचलेलं पाणी झोपेआधीच निघून जातं.

मेहरूणकाठ: पाणीच कमी प्यायलं तर?

पांझरा: इथल्या उन्हात? मुळीच नको. या वयात तहानही नीट कळत नाही. दिवसभर तांब्या हाताशी हवा, संध्याकाळी सहानंतर फक्त घोट-घोट. आणि रात्री उठल्यावर ट्यूब लावू नका, पायाशी पिवळा झिरोचा बल्ब पुरतो.