हॅवलॉकचे सगळे किनारे पाहावेत, की एकाच किनाऱ्यावर थांबावे?

पाणकावळा:
अंदमानला जाणाऱ्या मराठी सहलींचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, म्हणजे २०१८च्या डिसेंबरपासूनचे स्वराज द्वीप. तेथे दीड दिवसात राधानगर, काळापत्थर, एलिफंट बीच, विजयनगर आणि वेळ उरलाच तर गोविंदनगर असे किनारे उरकले जातात. उरकले हाच शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की ज्याच्याजवळ दोनच दिवस आहेत त्याने एक किनारा निवडावा आणि बाकीच्यांचा मोह सोडावा.

गेल्या पौष पौर्णिमेला मी विजयनगरला होतो. दुपारी एक मोठी बस थांबली आणि तीस-पस्तीस माणसे उतरली. समोर पाणी शंभरएक पावले मागे गेलेले, मधल्या पट्ट्यात शेवाळलेले खडक, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे आणि डबक्यांत अडकलेले बोटभर मासे. एक गृहस्थ म्हणाले, "इथे तर पाणीच नाही!" पंधरा मिनिटांत छायाचित्रे काढून मंडळी काळापत्थरकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी पाणी किनाऱ्यावर झुकलेल्या झाडांच्या मुळांना लागले होते आणि त्याचा रंग असा होता की मी चहा हातात घेऊन विसरलो. त्या गृहस्थांनी विजयनगर पाहिले असे म्हणायचे का?

ठाणेकरीण:
आपले वर्णन सुंदर आहे; सल्ला मात्र ज्यांच्याजवळ वेळही आहे आणि पुन्हा येण्याची ऐपतही, अशांसाठी आहे. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज आटोपून तिसऱ्या दिवशी घरून निघालो, पाचव्या दिवशी हॅवलॉकला पोचलो. बरोबर सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि दोन मुले. सासूबाई पुन्हा अंदमानला येणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. अशा माणसाला मी "आई, एकाच ठिकाणी बसा, समुद्र समजून घ्या" असे सांगायचे का?

शिवाय चार किनारे पाहिल्यावाचून एकाचेही वेगळेपण कळत नाही. सकाळी काळापत्थरला काळे खडक, अरुंद वाळू आणि समोरून वर येणारा सूर्य. संध्याकाळी बेटाच्या दुसऱ्या अंगाला राधानगरची रुंद पांढरी वाळू, मागे उंच जंगल आणि समोर बुडणारा सूर्य. एलिफंट बीचला सासूबाई काचेच्या तळाच्या होडीत बसल्या. मुले रबरी रिंगणाला धरून तरंगत होती आणि वाटाड्या त्यांना हाताने ओढत नेत होता. पोहता न येणाऱ्या माणसाला प्रवाळ आणखी कोठे दिसणार? आम्ही विजयनगरलाही दुपारी थांबलो होतो आणि आम्हाला पाणी व्यवस्थित मिळाले. आपल्याला मिळाले नाही, हा आपला योग म्हणायचा.

पाणकावळा:
पुन्हा न येणारा माणूस हा मुद्दा मला मान्य आहे आणि त्यावर माझ्याकडे चटकन देता येईल असे उत्तर नाही. परंतु घाईचा फटका नेमका अशाच माणसांना बसतो. हॅवलॉक मुंबईच्या बरेच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. हिवाळ्यात तेथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, ज्या दिवसांत मुंबईत तो सहानंतर मावळतो. दुपारी काळापत्थरला रेंगाळून राधानगरला सूर्यास्तासाठी सहा वाजता धावत आलेली कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत. वाहनतळावरच अंधार झालेला असतो. एका काकूंनी तर चालकाशी भांडण काढले, जणू सूर्य त्यानेच बुडवला होता.

देवगडचा:
आपण दोघेही किनारे मोजत आहात. माझ्या मते मोजायच्या त्या वेळा. मी किनाऱ्यावर वाढलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हॅवलॉकच्या पूर्वेचे किनारे, म्हणजे गोविंदनगर, विजयनगर आणि पुढे काळापत्थर, हे उथळ आहेत आणि तळाशी खडक व जुने प्रवाळ आहे. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की तेथे पोहणे दूरच, अनवाणी चालणेही अवघड होते. राधानगर पश्चिमेला आहे. तळ वाळूचा, उतार सावकाश, त्यामुळे भरती असो की ओहोटी, डुंबता येते. मात्र त्याच कारणाने तेथे प्रवाळ जवळजवळ पाहायला मिळत नाही, आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात लाटा सरळ अंगावर येतात. म्हणजे पूर्वेला भरतीच्या वेळी जावे, पश्चिमेला सूर्य पाहून जावे. एवढे पाळले तर दोन दिवसांत चार किनारे आरामात होतात आणि न पाळले तर एकही होत नाही.

आता योगाविषयी. ठाणेकरीण ताई, आपण भाऊबिजेनंतर पाचव्या दिवशी तेथे होता, म्हणजे कार्तिक शुद्ध सप्तमी किंवा तिच्या आसपासची तिथी. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. पाणकावळा गेले पौर्णिमेला, म्हणजे उधाणात. त्या भागात उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो आणि उथळ किनाऱ्यावर दोन मीटर उतरले की शंभर पावले जमीन उघडी पडते. आपण दोघांनी एकच किनारा पाहिला, पण वेगळ्या तिथीला.

आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ती रीत मात्र तेथे चालवू नये. तो आडाखा मुंबई-कोकणचा आहे. अंदमानची वेळ तेथल्या भरतीच्या तक्त्यावरूनच घ्यावी, नाहीतर आमच्यासारखा कोकणी माणूस तेथे मोठ्या ऐटीत चुकतो. मी चुकलो होतो.

शिंपला नको:
या चर्चेत एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरली आहे: किनारा आहे म्हणजे तेथे जायचेच. मी एलिफंट बीच यादीतून काढून टाकावा या मताची आहे. अंदमानच्या प्रवाळांना १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापल्यामुळे मोठा फटका बसला. जे सावरते आहे त्यावर रोज सकाळी होड्या भरभरून माणसे उतरवायची आणि त्यांना कमरेइतक्या पाण्यात उभे करायचे, हे मला पटत नाही. पाय टेकायला जो दगड सापडतो तो पुष्कळदा दगड नसतो. शिंपले आणि प्रवाळ उचलायला बंदी आहे हे फलकावर वाचूनही माझ्याच गटातील एकाने मूठभर तुकडे खिशात घातले आणि ते परतीच्या तपासणीत निघाले. तो बिचारा चकित झाला होता, "हे तर मेलेले होते" म्हणून.

राधानगरला २०२०मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, तेथे स्वच्छतागृहे, जीवरक्षक आणि पाण्याची तपासणी आहे. गर्दी पेलायची सोय जेथे आहे तेथेच गर्दी जावी.

ठाणेकरीण:
माझ्या मुलांनी प्रवाळ पाहिले, म्हणून आता ती शिंपला उचलत नाहीत. न पाहिलेल्या गोष्टीची काळजी कोण घेते?

आणि आपणच लिहिले आहे की पाणी तापल्यामुळे प्रवाळ गेले. ते आमच्या होडीमुळे तापलेले नाही. होड्या कमी कराव्यात, जीवरक्षक जाकीट घातल्यावर पाय टेकू न देणारा वाटाड्या सक्तीचा करावा, हे मला मान्य आहे. किनारा बंद करणे मान्य नाही.

शिंपला नको:
तापलेल्या पाण्याने अर्धमेल्या झालेल्या प्रवाळाला पायाचा भार अधिक सोसवत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. आजारी माणसाच्या खाटेवर बसताना आपण "आजार मी आणलेला नाही" असे म्हणत नाही. वाटाड्याच्या सक्तीला माझा पाठिंबा आहे. ती होईपर्यंत मी जाणार नाही.

पाणकावळा:
मधला एक मार्ग सुचवतो. एलिफंट बीचला राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून पायवाट जाते, दोनएक किलोमीटरची. पूर्वी या बेटांवर लाकूडतोडीसाठी हत्ती आणले होते, किनाऱ्याला नाव त्यांच्यावरून पडले. समुद्रात पोहणारा राजन हा त्यांपैकी शेवटचा, तो २०१६मध्ये गेला. पाऊस झाला असेल तर वाटेवर घोट्याइतका चिखल असतो. त्या वाटेने जाऊन, पाण्यात न उतरता, २००४च्या सुनामीत पडलेल्या झाडांच्या पांढऱ्या खोडांवर बसून मी तो किनारा पाहिला आहे. होडीच्या भोंग्यांचा त्रास सोडला तर काही कमी पडले नाही. अर्थात सत्तरीच्या सासूबाईंना ही वाट सुचवता येणार नाही, हे मी आधीच कबूल करतो.

देवगडचा यांचा तिथीचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे. मी माझ्या विजयनगरच्या दुपारीवरून सगळ्या सहलींवर निकाल दिला होता. तरीही मूळ मत सोडत नाही: वेळा जुळवत फिरायचे म्हणजे हातात तक्ता घेऊन धावायचेच झाले. एका जागी राहिलेल्या माणसाकडे भरती आपणहून येते.

देवगडचा:
येते खरी, पण उधाणात सहा तास वाट पाहायला लावून येते, आणि बोटीचे परतीचे तिकीट त्या सहा तासांसाठी थांबत नाही. आणखी एक सूचना, वादासाठी नव्हे: राधानगरच्या टोकाला नील्स कोव्ह नावाची शांत खाडी आहे, तेथे पाण्यात उतरू नये. २०१०मध्ये तेथे मगरीने एका परदेशी पर्यटक स्त्रीचा बळी घेतला होता. पाणी जितके निवांत दिसते तितका तेथे फलक आधी वाचावा.

ठाणेकरीण:
आत्ता दिनदर्शिका काढून पाहिली. आम्ही विजयनगरला होतो त्या दिवशी सप्तमीच होती. सासूबाईंना भांगाच्या भरतीचे सगळे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "म्हणजे पौर्णिमेला गेलो असतो तर ते डबक्यातले मासेही दिसले असते."