तेल्च : तळ्यांच्या कुशीतले चेक गाव

प्रश्न (नळदुर्ग): बोरी नदीचे पाणी अडवून बळकट केलेल्या किल्ल्याच्या सावलीत मी वाढलो. चेक प्रजासत्ताकातील तेल्च या गावालाही पाण्याचेच संरक्षण होते, असे कळले. ते गाव कसे आहे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (लातूर): दादा, तेल्च हे चेक प्रजासत्ताकातील मोराविया या प्रदेशाच्या नैर्ऋत्य भागात असून लोकवस्ती जेमतेम पाच-साडेपाच हजार, म्हणजे आपल्याकडचे एखादे मोठे खेडेच. चौदाव्या शतकाच्या अखेरीस आगीत लाकडी घरे जळाल्यावर गाव दगडात उभारले गेले, तटबंदी झाली आणि भोवती खोदलेल्या तळ्यांनी खंदकाचे काम केले.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): तळी खरीच, पण मला मोह पडतो तो चौकाचा. सोळाव्या शतकात इटलीत जेनोवा पाहून आलेल्या झखारियाश या सरदाराने आपला गॉथिक म्हणजे मध्ययुगीन धाटणीचा वाडा रेनेसाँस म्हणजे प्रबोधनकाळातील शैलीत नव्याने बांधला आणि गावकऱ्यांनीही तोच कित्ता गिरवल्यामुळे लांबट त्रिकोणी चौकाभोवती रंगीत दर्शनी भिंतींची, कमानदार ओवऱ्यांची घरे उभी राहिली. काही भिंतींवर गिलाव्याचा वरचा थर खरवडून चित्रे काढलेली आहेत. १९९२ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. त्या सरदाराची समाधी गावातच आहे का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): होय, वाड्यातल्याच प्रार्थनागृहात, पत्नी कातेर्झिना हिच्यासमवेत. चौकही आज त्याच्याच नावाने ओळखला जातो.