घोटा सारखा मुरगळतोय, फिजिओ म्हणतात डोळे मिटून मनात पळ… खरंच काही होतं का यानं?

मातीवरचा_गडी (धाराशिव)

नमस्कार. मी खो-खो खेळतो, वय २१, धाराशिवपासून जवळच गाव आहे, सोबत पोलीस भरतीची पण तयारी चालूय. उजवा घोटा पहिल्यांदा दोन वर्षांमागं मुरगळला, खांबाला वळसा घालताना पाय आतल्या बाजूला मुडपला, कट्ट असा आवाज आला अन् बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज. आजीनं आंबेहळदीचा लेप लावला, आठ दिवसांत सूज उतरली अन् मी दहाव्या दिवशी परत मैदानावर. तिथून पुढं कितीदा मुरगळला ते मोजायचंच सोडलं. खेळताना तर होतंच पण मागच्या आठवड्यात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन कापसातून चाललो होतो, ढेकळावर पाय पडला अन् गेला परत. आता दुखणं लई नाही, पण पायावर भरवसाच राहिला नाही. वळायची वेळ आली की आपोआप डाव्या पायावर भार जातो अन् तेवढ्यात चेसर पाठीवर हात ठेवून मोकळा.

एक्सरे काढला, हाड चांगलंय. लातूरला फिजिओ सरांना दाखवलं. त्यांनी वॉबल बोर्ड (डुगडुगणाऱ्या फळीवर तोल सांभाळणं), एका पायावर उभं राहणं, रबरबँड ओढणं असं सगळं दिलं, ते पटलं. पण सोबत रोज १५ मिनिटं डोळे मिटून बसायचं अन् मनातल्या मनात पळायचं, वळायचं, पाय कसा टेकतोय ते जाणवून घ्यायचं असं पण सांगितलंय. सर चांगलेत, विचारायला संकोच वाटला म्हणून तिथं काही बोललो नाही. पण लिगामेंट (सांधा धरून ठेवणारा पट्टा) सैल झालेलं असताना नुसत्या विचारानं पाय कसा काय सुधारणार? कुणी केलंय का हे? भरतीला १६०० मीटर पळायचंय, वेळ वाया घालवायचा नाही.

फिजिओताई (छ. संभाजीनगर)

दादा, प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलायस. आधी एक गोष्ट साफ करते, कल्पनेनं लिगामेंट घट्ट होत नाही. घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून पुढं जो पट्टा जातो, आम्ही त्याला एटीएफएल म्हणतो, पाय आत मुडपला की सगळ्यात आधी तोच ताणला जातो किंवा फाटतो. तो त्याच्या वेळेनं भरून येतो आणि काही जणांचा थोडा सैल राहतो, त्याला मनातला व्यायाम काही करू शकत नाही.

पण तुझी तक्रार वाच परत. दुखत नाही म्हणतोस, भरवसा नाही म्हणतोस. लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही, त्यात संवेदना देणारे बारीक मज्जातंतू असतात, पाय कुठल्या कोनात आहे ही खबर ते मेंदूला देतात. १९६५ मध्ये फ्रीमन नावाच्या डॉक्टरांनी हेच मांडलं होतं की मुरगळल्यावर ही खबर बिघडते आणि म्हणून पाय पुन्हा पुन्हा दगा देतो. त्यानंतर बरंच काम झालं. आज आपल्याला माहितीय की बिघाड फक्त घोट्यात राहत नाही, मेंदू पायाला हुकूम देतो ती पद्धतच बदलते. तू डाव्या पायावर भार टाकतोस ना, तो हाच बदललेला हुकूम.

आणि अजून एक, हे फार महत्त्वाचं आहे. पाय मुडपायला लागतो तिथून लिगामेंट ताणेपर्यंत डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ नसतो. म्हणजे पाय वाकडा पडल्यावर पोटरीच्या बाहेरच्या स्नायूंनी (पेरोनियल म्हणतो आम्ही) जागं होऊन सावरायचं म्हटलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. ते स्नायू पाय टेकायच्या आधीच तयार पाहिजेत. ही आधीची तयारी म्हणजे मेंदूतला आराखडा, आणि मनात हालचाल केल्यावर मेंदूचे बरेचसे तेच भाग कामाला लागतात जे खऱ्या हालचालीत लागतात. तुझ्या सरांनी ते १५ मिनिटांचं काम दिलंय ते या आराखड्यासाठी.

पुरावा म्हणशील तर १९९२ चा एक प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहितीय. करंगळी बाजूला ढकलायची ताकद मोजली, काहींनी ४ आठवडे खरोखर व्यायाम केला, काहींनी फक्त मनात. खऱ्यावाल्यांची ताकद सरासरी ३० टक्के वाढली आणि मनातवाल्यांची २२ टक्के. २०१४ मध्ये अजून एक झाला, धडधाकट लोकांचं मनगट ४ आठवडे प्लास्टरसारखं बांधून ठेवलं, नुसतं बांधलेल्यांची ताकद ४५ टक्के घटली, जे आठवड्यातून ५ दिवस मनात जोर लावत होते त्यांची २४ टक्के.

घोट्यावर मात्र चित्र इतकं झकपक नाही, ते पण सांगायला पाहिजे. २००७ मध्ये घोटा मुरगळलेल्या खेळाडूंवर अभ्यास झाला, नेहमीच्या फिजिओबरोबर कल्पनेचा सराव दिला, तर स्नायू जास्त वेळ टिकायला लागले पण हालचालीतला तोल काही वेगळा सुधारला नाही. खेळाडूही मोजकेच होते. म्हणून माझ्या पेशंटला मी एवढंच म्हणते की वॉबल बोर्ड ही भाकरी आहे, मनातला सराव कालवण. नुसत्या कालवणावर पोट भरत नाही.

बीडचा_रेडर

भावा मी कबड्डीवाला, आता खेळणं सुटलं पण हे मी स्वतः केलंय म्हणून लिहायलोय. माझा डावा घोटा गेला होता, ३ आठवडे प्लास्टरचा स्लॅब, पाय टेकायचा नाही. तेव्हा मला पण हेच सांगितलं होतं अन् पहिले ५-६ दिवस मी ते चुकीचं करत होतो. डोळे मिटले की मला मी दिसायचो, म्हणजे कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केल्यासारखं, मी रेड टाकायलोय, बोनस लाईन ओलांडायलोय, असं बाहेरून. त्याचा काही फरक पडला नाही. मग मॅडमनी विचारलं, तळपायाला मॅट कसा लागतोय सांग, बोटं रुततेत का, टाचेवर किती वजन येतंय. मला सांगताच येईना. तिथं कळालं की बघायचं नसतं, आतून जाणवून घ्यायचं असतं. ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी बांधलेल्या पायाच्या पोटरीत बारीक ठणका जाणवला, आता तो खरा का मनाचा ते मला सांगता येणार नाही पण जाणवला.

दुसरी एक गोष्ट करून बघ, घड्याळ लाव. मी मध्यरेषेपासून बोनस लाईनपर्यंत जाऊन परत यायला चांगल्या पायानं ७-८ सेकंद घ्यायचो, मनात मात्र ३ सेकंदात काम खल्लास. याचा अर्थ मी मधल्या पायऱ्या गाळायलो होतो, अन् गाळल्या जायच्या त्या बरोबर डाव्या पायाच्या. वेळ जुळायला मला दोन आठवडे लागले. स्लॅब निघाल्यावर व्यायाम सगळे करावे लागलेच, सूट काही मिळाली नाही, पण पाय टेकवायची भीती माझ्यासोबतच्या पोरांपेक्षा कमी होती, एवढं खात्रीनं सांगतो.

क्रीडाशिक्षक_परभणी

वरील दोघांनी छान लिहिलं आहे. मी २६ वर्षं शाळेत पोरं-पोरी खेळवतोय, माझा अनुभव सांगतो. आपल्याकडं घोटा मुरगळला म्हणजे दुखापत झाली असं कुणी धरतच नाही. "मुरगळलाय, चोळून घे, होईल बरा." आई-वडील म्हणतात, पोरं म्हणतात, आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मीही तेच म्हणायचो याचं मला आज फार वाईट वाटतं. चांगली चांगली पळणारी पोरं यात गेली. कुणी ताज्या सुजेवर जोरजोरात चोळतंय, कुणी बिब्बा घालतंय, बिब्ब्यानं कातडी भाजून फोड आलेला एक मुलगा मी स्वतः दवाखान्यात नेलाय. कृपा करून बिब्बा कुणी लावू नका.

धाराशिवचं नाव खो-खोत मोठं आहे. सारिका काळे तिथलीच, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तिला. पण त्या मातीतल्या शंभर पोरांमध्ये घोट्याचे व्यायाम नीट पूर्ण करणारी किती असतील? म्हणून माझी एक काळजी आहे. बसून करायचं काम पोरं आवडीनं करतील आणि एका पायावर उभं राहायचं काम टाळतील. बाळा, सरांनी दिलेलं दोन्ही कर. सकाळी दात घासताना एका पायावर उभा राहा, ते जमलं की डोळे मिटून उभा राहा. डोळे मिटल्यावर घोट्याची किती तारांबळ उडते ते तुझं तुलाच कळेल.

मातीवरचा_गडी (धाराशिव)

सगळ्यांचे लई आभार, एवढं सविस्तर कुणी समजावलं नव्हतं. ताई, सर, दादा, ५ दिवस मनापासून केलं. दात घासतानाचं पण करायलोय, डोळे मिटून ४ सेकंदाच्या वर टिकना गेलंय, डावा पाय मात्र आरामात २० च्या पुढं.

पण एक अडचण येऊ लागलीय. मनात पळतो, बसलेल्या गड्यांच्या मधून कट मारतो, तिथपर्यंत सगळं बरोबर. खांबापाशी आलो की दरवेळी मनात पाय मुडपतोच. दरवेळी. काल तर दचकून डोळे उघडले, घाम आला होता. असं होत असताना करत राहायचं का बंद करायचं? उलटं नुकसान तर नाही ना होणार?

फिजिओताई (छ. संभाजीनगर)

बरं केलंस विचारलंस, हे बऱ्याच जणांना होतं आणि सांगत नाहीत. बंद करू नकोस, पण तसंच रेटूही नकोस. तो पडायचा प्रसंग रोज दहादा मनात घडवलास तर सराव त्याचाच होईल.

असं कर. पळणं सोड, मनात आधी त्या खांबाभोवती चाल. चालत वळसा जमतो का बघ, बहुतेक जमेल. मग भरभर चाल, मग हळू पळ, ज्या वेगाला चित्र बिघडेल तिथून एक पायरी खाली ये आणि दोन दिवस तिथंच राहा. बिघडलंच तर डोळे उघडायच्या आधी दोन पावलं मागं जाऊन तोच वळसा नीट पूर्ण कर, मोडक्या चित्रावर उठायचं नाही.

आणि घरी खाटेवर बसून करतोस का? शक्य असेल तर संध्याकाळी मैदानावर जा, खेळताना जे घालतोस तेच घालून, अनवाणी खेळत असशील तर अनवाणी, खांबाला हात लावून उभा राहा. एकदा खरोखर सावकाश वळसा घाल, पायाला काय वाटलं ते ताजं असतानाच डोळे मिटून तोच वळसा मनात घाल. एक खरा, दोन मनातले, असं. मातीचा वास, खांबाचा गारवा, हाताची पकड, सगळं येऊ दे त्यात. १०-१५ मिनिटं पुरे, त्यापुढं लक्ष पांगतं.

अजून एक काम, घोट्यासाठी ९ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, कंबरलँड म्हणतात, ३० गुणांची. २४ किंवा त्याच्या खाली आलं तर घोटा अस्थिर धरतात. तुझ्या सरांकडून ती भरून घे आणि ६ आठवड्यांनी परत भर, म्हणजे सुधारलं का नाही ते अंदाजावर राहणार नाही. सांध्यात काही अडकल्यासारखं झालं, किंवा आत खोल दुखणं आणि सूज राहतच असेल तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखव, साध्या एक्सरेत कुर्चेची इजा बऱ्याचदा दिसत नाही. आणि सध्या खेळताना ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) किंवा टेपिंग (चिकटपट्टी) लावत जा, त्यानं पाय कमजोर होतो हा गैरसमज आहे.

वसमतची_लेक

मध्येच विचारते, माफ करा. माझी आई ५२ वर्षांची आहे, खेळाडू वगैरे नाही, शेतात बांधावरून उतरताना तिचा घोटा वर्षातून तीन-चारदा तरी मुरगळतो. तिला जमेल का हे?

फिजिओताई (छ. संभाजीनगर)

जमेल ताई, का नाही. आईंना खांब नको, बांध द्या. आधी एकदा तपासून घ्या, मग भिंत धरून एका पायावर उभं राहणं सुरू करा. रात्री पडल्या पडल्या बांधावरून एकेक पाऊल कसं टाकते ते त्यांना आठवून सांगायला लावा, तुम्ही ऐका. कोणत्या पावलाला त्या बोलायच्या थांबतात ते लक्षात ठेवा आणि तपासायला जाल तेव्हा फिजिओला नक्की सांगा.

मातीवरचा_गडी (धाराशिव)

तीन आठवडे झाले म्हणून लिहितो. डोळे मिटून ४ सेकंदाचे ११ झालेत. मनात अजून फुल स्पीडला खांब जमत नाही, पण हळू पळत वळसा नीट पडतो, पाय मुडपत नाही. काल मैदानावर खरोखरचा वळसा उजव्या पायावर भार देऊन घातला, चेसर नव्हता, एकटाच होतो. सहा वेळा घातला. प्रश्नावलीत १९ आलेत, सरांनी तारीख टाकून ठेवलीय, पुढचा आकडा आला की इथं लिहितो.